‘मेबी’ जोडून की ‘मे बी’ तोडून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीतली ही जोडी कानाला जवळजवळ सारखी लागते आणि कागदावर फरक दिसतो तो फक्त एका मोकळ्या जागेचा. एक ‘मेबी’, म्हणजे एम, ए, वाय, बी, ई ही पाचही अक्षरं सलग. दुसरं ‘मे बी’, म्हणजे तीच पाच अक्षरं, पण वायनंतर जागा सोडून. मी अंबाजोगाईला इंग्रजी शिकवते. बारावीची मुलं, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, कार्यालयात टिपणी लिहिणारे आणि प्रबंध तपासून घ्यायला येणारे कृषी पदव्युत्तरचे विद्यार्थी या जोडीबद्दल जे विचारत असतात, त्याची उत्तरं इथे आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. वाचताना शब्द जोडलाय की तोडलाय, तेवढ्याकडे लक्ष ठेवा.

दोन्हींत नेमका फरक काय?

‘मेबी’ हे क्रियाविशेषण आहे. ते वाक्यात शक्यतेची छटा आणतं, पण वाक्याचं क्रियापद होत नाही. ‘मे बी’ हे क्रियापदच आहे: ‘मे’ साहाय्यक आणि ‘बी’ मुख्य, म्हणजे असणे किंवा होणे.

मेबी शी इज ॲट द बस स्टँड.
शी मे बी ॲट द बस स्टँड.

दोन्ही वाक्यं बरोबर आहेत आणि दोन्हींचा अर्थ जवळजवळ एकच. पण पहिल्या वाक्यात ‘इज’ हे क्रियापद आधीच आहे, ‘मेबी’ काढून टाकलं तरी ‘शी इज ॲट द बस स्टँड’ हे धड वाक्य उरतं. दुसऱ्यातून ‘मे बी’ काढलं तर ‘शी ॲट द बस स्टँड’ एवढंच राहतं, आणि ते इंग्रजी वाक्य नव्हे. सगळा विषय या एका गोष्टीवर उभा आहे. खाली जे काही आहे ते याचंच स्पष्टीकरण.

अर्थ एकच निघतो ना? मग जागा सोडली काय, न सोडली काय, समजणाऱ्याला समजतंच.

बहुतेक वेळा समजतं, हे खरं. पण नेहमी नाही. पैठणच्या जायकवाडी धरणाबद्दलची ही दोन वाक्यं बघा.

द गेट्स मे बी ओपन्ड टुनाइट.
द गेट्स मेबी ओपन्ड टुनाइट.

पहिल्याचा अर्थ: आज रात्री दरवाजे उघडले जाऊ शकतात. म्हणजे अजून उघडलेले नाहीत, सामान हलवायला, जनावरं सोडायला वेळ आहे. दुसऱ्याचा अर्थ: आज रात्री दरवाजे कदाचित उघडले. म्हणजे पाणी निघालेलं असू शकतं. हे दुसरं वाक्यही व्याकरणात बसतं, म्हणूनच ते धोक्याचं आहे. शहागडला, गंगाखेडला, नांदेडला गोदाकाठी राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने या दोन बातम्या वेगळ्या आहेत.

असं होतं कारण इंग्रजीत ‘ओपन’, ‘स्टॉप’, ‘क्लोज’ अशा नियमित क्रियापदांचं दुसरं आणि तिसरं रूप एकच असतं. ‘ओपन्ड’ म्हणजे ‘उघडले’ही आणि ‘उघडलेले’ही. यातलं कोणतं रूप अभिप्रेत आहे, हे वाचणाऱ्याला फक्त त्या मोकळ्या जागेवरून कळतं. म्हणून मुलांनी ‘एवढ्याशा जागेनं काय होतंय’ म्हटलं की मी हेच उदाहरण फळ्यावर लिहिते.

आणि मराठी तरी याला कुठे अपवाद आहे? ‘तो मागे गेला’ यात ‘मागे’ सुटं आहे, क्रियाविशेषण आहे. ‘तो घरामागे गेला’ यात तेच ‘मागे’ शब्दयोगी अव्यय होऊन घराला चिकटलं आहे. ‘येणार असशील तर सांग, नाही तर तेही सांग’ आणि ‘लवकर ये, नाहीतर गाडी जाईल’ यांत एकदा तोडायचं आणि एकदा जोडायचं, हे आपण शाळेतच शिकतो. जोडण्या-तोडण्याला अर्थ असतो ही सवय आपल्याला आहे, ती इंग्रजी लिहिताना चालू ठेवायची एवढंच.

आम्हाला शिकवलंय की मनात ‘कदाचित’ घालून बघायचं. बसलं तर जोडून लिहायचं. हे बरोबर आहे का?

नाही, आणि माझ्या मते जास्तीत जास्त चुका याच युक्तीने होतात. ‘ही मे बी लेट’ या वाक्याचं मराठी काय कराल? ‘कदाचित त्याला उशीर होईल.’ आलं की नाही ‘कदाचित’? म्हणजे या युक्तीप्रमाणे ते जोडून लिहायला हवं, आणि ते चूक आहे. मराठीत शक्यता सांगताना ‘कदाचित’ किंवा ‘बहुतेक’ दोन्ही ठिकाणी सहज येतं, त्यामुळे भाषांतर करून ही गाठ सुटत नाही.

इंग्रजी पुस्तकांत याच युक्तीचं मूळ रूप सापडतं: ‘मेबी’च्या जागी ‘परहॅप्स’ ठेवून बघा. इंग्रजी कानावर वाढलेल्या मुलाला त्याचा उपयोग होतो, कारण ‘ही परहॅप्स लेट’ त्याला लगेच खटकतं. आपल्या मुलांच्या रोजच्या बोलण्यात ‘परहॅप्स’ नसतोच. जो शब्द ओठांवर नाही तो खटकणार कसा?

मग खात्रीची परीक्षा कोणती?

दोन आहेत. दोन्हींना भाषांतर लागत नाही.

पहिली: वाक्यातलं क्रियापद शोधा. त्या वाक्यात, त्या जागेशिवाय, दुसरं स्वतंत्र क्रियापद आहे का? इज, आर, वॉज, विल, हॅज, केम, गोज, नोज, काहीही. असेल तर जोडून. नसेल तर तोडून.

दुसरी: मध्ये ‘नॉट’ घालून बघा. ‘ही मे नॉट बी लेट’ असं म्हणता येतं, म्हणजे ‘मे’ आणि ‘बी’ हे दोन सुटे शब्द आहेत, म्हणजे तोडून. ‘मे नॉट बी शी इज ॲट द बस स्टँड’ असं म्हणताच येत नाही, म्हणजे तिथे जोडशब्द आहे. ‘नॉट’च्या जागी ‘स्टिल’, ‘ऑल्सो’, ‘काइंडली’ यांपैकी काहीही चालेल. ‘माय फादर मे स्टिल बी इन द फील्ड’ हे वाक्य कानाला किती सहज लागतं बघा.

आणखी एक लहानशी खूण. ‘कॅन बी’, ‘विल बी’, ‘शुड बी’, ‘माइट बी’ हे सगळे आपण न शिकवता तोडूनच लिहितो. ‘मे बी’ हा त्यांचाच भाऊ आहे. त्या जागी ‘माइट बी’ बसत असेल तर तोडून लिहा.

ही चूक आपल्याकडे इतकी का होते? पहिलीपासून इंग्रजी शिकतो की.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी ही चूक पदवीपर्यंत टिकते. मुलं हुशार नाहीत म्हणून ती होते असं मला मुळीच वाटत नाही. कारण आपल्या भाषेच्या घडणीत आहे.

मराठीत क्रियापदावाचून वाक्य चालतं. ‘माझं गाव रेणापूर.’ ‘त्याचा भाऊ डॉक्टर.’ ‘आई शेतात.’ यांत ‘आहे’ नाही आणि कुणाला त्याची उणीवही भासत नाही. जिथे ‘आहे’ असतं तिथेही बोलताना ते झिजून जातं: ‘कुठंय?’ ‘घरीच हाय.’ ‘चांगलंय.’ शब्दाच्या शेपटाला एक ‘य’ उरतो, बस. अशा भाषेत वाढलेल्या मुलाला ‘हिज ब्रदर मेबी डॉक्टर’ हे अर्धवट वाटतच नाही, कारण ‘त्याचा भाऊ बहुतेक डॉक्टर’ हे मराठीत पूर्ण आहे. इंग्रजीला मात्र प्रत्येक पूर्ण विधानात काळ दाखवणारं क्रियापद लागतं. ते सोडायची मुभा तिथे नाही.

म्हणून मी वर्गात या जोडीपासून सुरुवात करत नाही. आधी आठवडाभर नुसतं क्रियापदाखाली रेघ मारायला लावते. वर्तमानपत्रातला, पुस्तकातला, कुठलाही उतारा घ्या आणि प्रत्येक वाक्यातलं क्रियापद शोधा. ते डोळ्याला दिसायला लागलं की ‘मेबी’चा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो, आणि ‘ही गुड बॉय’ यासारख्या चुकाही त्याच्याबरोबर जातात.

‘ही मे बी कम टुमारो’ असं सगळेच म्हणतात. यात काय चुकलं?

इथे जागा सोडली तरी चूक, न सोडली तरी चूक. ‘बी’ हे स्वतः मुख्य क्रियापद आहे, आणि ‘कम’ही मुख्य क्रियापद आहे. एका ‘मे’च्या पाठीमागे दोन मुख्य क्रियापदं अशी नुसती रांगेत उभी राहत नाहीत. ‘तो उद्या येईल, येऊ शकेल’ हे सांगायला दोन वाटा आहेत:

ही मे कम टुमारो.
मेबी ही विल कम टुमारो.

‘बी’ ठेवायचाच असेल तर पुढच्या क्रियापदाला आयएनजी लावा: ‘ही मे बी कमिंग टुमारो.’ आपल्याकडे ‘मे बी’ हा एकच शब्द समजून तो ‘येईल बहुतेक’मधल्या ‘बहुतेक’सारखा कुठेही घातला जातो, त्यातून ही चूक येते. मी तपासलेल्या वह्यांमध्ये ती जागेच्या चुकीइतकीच वारंवार दिसते. लक्षात ठेवायला सोपं: ‘मे बी’नंतर नाम, विशेषण, स्थळ, आयएनजी रूप किंवा तिसरं रूप येतं. मूळ रूप येत नाही.

कार्यालयात ‘लीव्ह मे बी ग्रँटेड’ लिहितात. तिथे शक्यतेचा काय संबंध?

काहीच नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ‘मे’ला दोन वेगळी कामं आहेत. एक शक्यता सांगण्याचं. दुसरं परवानगी, सूचना किंवा विनंती करण्याचं. सरकारी इंग्रजीत दुसरं काम जास्त चालतं. ‘लीव्ह मे बी ग्रँटेड’ म्हणजे ‘रजा मंजूर करण्यात यावी’. ‘द बिल मे बी पास्ड फॉर पेमेंट’ म्हणजे ‘देयक प्रदानासाठी पारित करावे’. ‘इट मे बी नोटेड दॅट’ म्हणजे ‘नोंद घ्यावी की’. मराठी टिपणीत जिथे ‘करावे’, ‘यावे’, ‘व्हावे’ येतं, तिथे इंग्रजी टिपणीत ‘मे बी’ येतं.

जोडलेल्या ‘मेबी’ला हा अर्थ कधीच नसतो. त्याच्याकडे फक्त शक्यता आहे. त्यामुळे अर्जात ‘माय लीव्ह मेबी ग्रँटेड’ असं लिहिलं तर विनंती उरतच नाही. ‘माझी रजा कदाचित मंजूर’ असं काहीतरी अर्धवट उरतं. अधिकारी समजून घेतात, सहीही करतात. पण स्पर्धा परीक्षेच्या पत्रलेखनात किंवा कार्यालयीन मसुद्यात तपासणारा समजून घेईल याचा भरवसा धरू नका.

आपल्याकडच्या जुन्या लिपिकांच्या मसुद्यात एक गोष्ट मला फार आवडते. ते ‘मे काइंडली बी सँक्शन्ड’ असं लिहितात. ‘काइंडली’ मध्ये बसतो, आणि ‘मे’ व ‘बी’ वेगळे आहेत हे डोळ्यांसमोर येतं. हे वाक्य ज्याला पाठ आहे त्याला दुसऱ्या कुठल्या युक्तीची गरज पडू नये. मुलाखतीचं बोलावणं आलेल्या मुलांना मी हेच वाक्य पाठ करायला सांगते.

वकिली मसुद्यात आणि कायद्यात काय पद्धत आहे?

तिथे जवळजवळ सगळीकडे तोडूनच. संविधानाच्या ३४८व्या अनुच्छेदाप्रमाणे उच्च न्यायालयाचं कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालतं, आणि १९८१ साली तेव्हाच्या औरंगाबादला मुंबई उच्च न्यायालयाचं पीठ सुरू झाल्यापासून मराठवाड्यातल्या वकिलांच्या हातून रोज इंग्रजी मसुदे निघतात. याचिकेच्या शेवटी मागणी असते: ‘द पिटिशन मे काइंडली बी अलाउड.’ म्हणजे याचिका मंजूर करण्यात यावी.

कायद्यात एक ठरलेला वाक्प्रचार सतत भेटतो: ‘ॲज द केस मे बी.’ कायद्याच्या मराठी भाषांतरात त्याला ‘यथास्थिती’ म्हणतात. तसंच ‘ॲज मे बी प्रिस्क्राइब्ड’, म्हणजे ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’. दोन्ही कायम तोडून. कायद्याचा अभ्यास करणाऱ्यांनी ‘मे’ आणि ‘शॅल’ यांतला फरकही इथेच नीट समजून घ्यावा: ‘मे’मुळे सहसा अधिकार किंवा मुभा मिळते, ‘शॅल’मुळे सहसा बंधन येतं. संदर्भानुसार न्यायालयं वेगळा अर्थही लावतात, पण तो कायद्याच्या वर्गाचा विषय आहे.

प्रबंधात ‘मेबी’ लिहिला तर मार्गदर्शक खाली रेघ मारतात. का?

परभणीच्या कृषी विद्यापीठातले विद्यार्थी प्रबंध घेऊन येतात तेव्हा निष्कर्षाच्या प्रकरणात हे हमखास सापडतं. शास्त्रीय लेखनात कारण सांगताना लेखक जपून बोलतो. प्रयोगातून जेवढं सिद्ध झालं तेवढंच ठामपणे, बाकीचं शक्यता म्हणून. त्यासाठीची रूढ वाक्यरचना तोडलेली आहे:

द लोअर यील्ड मे बी ड्यू टू मॉइश्चर स्ट्रेस ॲट फ्लॉवरिंग.
धिस मे बी ॲट्रिब्यूटेड टू बेटर रूट ग्रोथ.

इथे जोडून लिहिलं तर वाक्याचं क्रियापदच नाहीसं होतं. आणि ‘मेबी द यील्ड वॉज लोअर बिकॉज…’ हे व्याकरणाने बरोबर असलं तरी प्रबंधाला शोभत नाही, कारण जोडलेला ‘मेबी’ हा गप्पांतला शब्द आहे. म्हणजे प्रबंध लिहिणाऱ्यांचं काम सोपं आहे: पूर्ण प्रबंधात ‘मेबी’ शोधा, आणि जो सापडेल तो बहुधा चुकीचाच असेल.

एक विनंती मात्र आहे. प्रत्येक वाक्यात ‘मे बी’ घालून सगळंच संशयास्पद करू नका. मोजमाप तुमच्या हातात असेल तर ‘वॉज’ लिहा. सोयाबीनची उंची तुम्ही पट्टीने मोजली आहे, ती ‘मे बी’ नसते.

परीक्षेच्या निबंधात किंवा अर्जात ‘मेबी’ चालतो का?

मित्राला लिहिलेल्या पत्रात, संवादलेखनात, गोष्टीत खुशाल वापरा. औपचारिक पत्रात, निबंधात, अहवालात ‘परहॅप्स’ किंवा ‘पॉसिबली’ बरा.

जोडलेला ‘मेबी’ वाक्यात कुठे ठेवायचा?

सर्वांत सुरक्षित जागा वाक्याच्या सुरुवातीला. त्याच्यानंतर स्वल्पविराम लागत नाही. ‘मेबी वी शुड स्टार्ट अर्ली.’ सूचना नरमाईने करायलाही हीच रचना कामाची आहे.

दुसरी जागा संख्येच्या आधी: ‘देअर वेअर मेबी फिफ्टी पीपल इन द हॉल.’ इथे अर्थ ‘पन्नासेक’ असा होतो. आपण मराठीत संख्येला ‘एक’ जोडून जे काम करतो, ते इथे हा शब्द करतो. ही रचना आपल्या पुस्तकांत क्वचित शिकवतात, पण इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी ती सारखी असते.

तिसरी, एकट्याने उत्तर म्हणून. ‘विल यू कम टू लातूर?’ ‘मेबी.’ किंवा ‘मेबी नॉट.’ इथे क्रियापद दिसत नाही, तरी शब्द जोडूनच लिहायचा, कारण पूर्ण विधान प्रश्नात येऊन गेलेलं आहे.

‘मेबी ही मे बी लेट’ असं दोन्ही एकत्र लिहिलं तर?

व्याकरणाने मोडत नाही, पण शक्यता दोनदा सांगितली जाते. मराठीत ‘कदाचित तो येऊ शकेल’ हे आपण सहज म्हणतो, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो. लिहिताना एक काढा. ‘इट मे बी पॉसिबल’मध्येही तसंच ओझं असतं. बऱ्याचदा नुसतं ‘इट इज पॉसिबल’ पुरतं.

भूतकाळात काय करायचं?

‘मेबी’ला काळाचं देणंघेणं नाही, तो तसाच राहतो, कारण काळ क्रियापद सांभाळतं: ‘मेबी ही वॉज इल.’ ‘मे बी’ मात्र बदलतो आणि ‘मे हॅव बीन’ होतो: ‘ही मे हॅव बीन इल.’ कालच्या गोष्टीबद्दल ‘ही मे बी इल यस्टर्डे’ असं लिहू नका.

बोलताना फरक कळतो का?

नीट ऐकलं तर कळतो. जोडलेल्या शब्दात जोर ‘मे’वर असतो आणि ‘बी’ लहान होऊन जातो. सुट्या शब्दांत ‘बी’ स्पष्ट ऐकू येतो, कधी कधी जोर त्याच्यावरच येतो. श्रुतलेखन घालणाऱ्या शिक्षकांनी हा फरक जरा ठसठशीत उच्चारला, तर मुलांचं निम्मं काम होईल.

मोबाइल किंवा संगणक चूक दाखवत नाही, मग ती चूक कशी?

स्पेलिंग तपासणारी यंत्रणा प्रत्येक शब्द तिच्या यादीत आहे का एवढंच बघते. ‘मेबी’ही यादीत आहे, ‘मे’ही आहे, ‘बी’ही आहे. त्यामुळे लाल रेघ येणारच नाही. व्याकरण तपासणारी यंत्रणा काही वेळा पकडते, काही वेळा सोडून देते. ‘द गेट्स मेबी ओपन्ड’सारखं वाक्य ती सोडून देईल, कारण ते तिच्या दृष्टीने बरोबर आहे. तुम्हाला काय म्हणायचं होतं हे तिला माहीत नाही.

मराठी बोलताना आम्ही ‘मेबी मी उद्या येईन’ म्हणतो. ते देवनागरीत कसं लिहायचं?

जोडून. त्या वाक्यात ‘येईन’ हे क्रियापद आहेच. माझं मत विचाराल तर तिथे ‘बहुतेक’ लिहा. ‘येईन बहुतेक’ यात जी ऊब आहे ती दुसऱ्या शब्दात नाही. पण कथेत, संवादात माणसं बोलतात तसं लिहायचं असेल तर ‘मेबी’ जरूर येऊ द्या.

मुळात हे दोन शब्द एक झालेच कसे?

जुन्या इंग्रजी बोलण्यात ‘इट मे बी दॅट ही इज लेट’ असं लांबलचक वाक्य होतं, म्हणजे ‘असं असू शकेल की त्याला उशीर झालाय’. मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत त्यातला ‘इट’ आणि ‘दॅट’ गळून ‘मे बी’ चिकटले आणि एक अव्यय तयार झालं. ज्याचा जन्म क्रियापदातून झाला, तेच आता क्रियापदाचं काम करत नाही.

ही वाट एकट्या इंग्रजीने धरलेली नाही. फ्रेंचमध्ये ‘प्यतेत्र’ म्हणजे कदाचित, आणि तिथेही शब्दशः ‘असू शकतं’ असेच दोन शब्द आहेत. अव्यय असेल तर फ्रेंच लोक मध्ये संयोगचिन्ह घालतात, क्रियापद असेल तर नुसती जागा सोडतात. म्हणजे त्यांच्याही मुलांना हाच धडा गिरवावा लागतो. आणि आपल्या मराठवाड्यात कानाकानांत रुजलेला ‘शायद’ घ्या. १९४८ पर्यंत इथला सरकारी कारभार उर्दूत होता, म्हणून तो शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या ओळखीचा. ‘शायद’ फारसीतून आला, आणि फारसीत तो मुळात क्रियापदाचं रूप होता. उर्दू-हिंदी बोलणारा आज ‘शायद वो आए’ आणि ‘वो आ सकता है’ यांत कधी गोंधळत नाही, कारण तिथे दोन्हींचे आवाज वेगळे झाले. इंग्रजीत ते वेगळे झाले नाहीत, त्यामुळे ओझं स्पेलिंगवर पडलं.

अशा आणखी जोड्या आहेत का?

आहेत. ‘एव्हरीडे’ जोडून म्हणजे रोजचा, विशेषण. ‘एव्हरी डे’ तोडून म्हणजे दररोज. ‘ऑलरेडी’ म्हणजे आधीच. ‘ऑल रेडी’ म्हणजे सगळे तयार. ‘समटाइम’, ‘सम टाइम’ आणि ‘समटाइम्स’ अशी तर तिघांची गर्दी आहे. ‘लॉगिन’ नाम, ‘लॉग इन’ क्रियापद. ‘सेटअप’ नाम, ‘सेट अप’ क्रियापद. ‘अ लॉट’ मात्र कायम तोडून आणि ‘कॅनॉट’ बहुतेक ठिकाणी जोडून. यांतल्या बऱ्याच जोड्यांना तोच प्रश्न लागू पडतो: हा शब्द इथे क्रियापदाचं काम करतोय का, नामाचं का, विशेषणाचं?

सरावाला काही वाक्यं द्याल का?

रिकाम्या जागी ‘मेबी’ की ‘मे बी’, ते ठरवा. आधी स्वतः सोडवा, मग पुढे वाचा.

द सोयाबीन … रेडी बिफोर दसरा.
… द मार्केट यार्ड इज क्लोज्ड टुडे.
वी वेटेड … टू अवर्स ॲट परभणी जंक्शन.
द रोड टू औसा … रिपेअर्ड नेक्स्ट मंथ.
देअर … अ वॉटर टँकर इन द व्हिलेज.
द शॉप … क्लोज्ड ॲट नाइन.

पहिल्यात दुसरं क्रियापद नाही, म्हणून तोडून. दुसऱ्यात ‘इज’ आहे, जोडून. तिसऱ्यात ‘वेटेड’ आहे आणि ‘मेबी’ संख्येला चिकटून ‘दोनेक तास’ असा अर्थ देतो, जोडून. चौथ्यात रस्ता स्वतःहून दुरुस्त होत नाही, तो केला जातो, आणि ‘नेक्स्ट मंथ’ही आहे, म्हणून तोडून. पाचवं तोडून: ‘देअर मे नॉट बी’ म्हणून बघा, सहज बसतं.

सहाव्यात दोन्ही बसतात. कालची गोष्ट सांगायची असेल, दुकान नऊला बंद झालं असावं असा अंदाज असेल, तर जोडून. उद्याबद्दल सांगायचं असेल, नऊ वाजता दुकान बंद असू शकतं असा इशारा द्यायचा असेल, तर तोडून. पहिला अर्थ हवा असेल तर ‘मेबी’ सरळ पुढे आणा: ‘मेबी द शॉप क्लोज्ड ॲट नाइन.’ मग वाचणाऱ्याला जागा मोजत बसावं लागत नाही.